पान पिकते म्हणजे पेशीत नेमके काय होते?

आडवाट (धागाकर्ती)

आमच्या ठाण्याच्या इमारतीच्या आवारात देशी बदामाचे एक जुने झाड आहे. पौष संपत आला की त्याची पाने आधी पिवळी, मग शेंदरी आणि शेवटी गर्द लाल होतात, आणि आवार झाडणारे दादा रोज सकाळी त्यांचे ढीग लावतात. गेल्या आठवड्यात नातवाने त्यातले एक पान उचलून मला विचारले, "आजी, हे पिकले की वाळले?" मी सहज "पिकले" म्हणाले आणि मग दिवसभर त्याच शब्दापाशी अडून राहिले.

मराठीत फळ पिकते, पान पिकते आणि केसही पिकतात. केसांचे तूर्त बाजूला ठेवू. पण टोमॅटो हिरव्याचा लाल होतो आणि बदामाचे पानही हिरव्याचे लाल होते, तेव्हा या दोन्हींच्या पेशींत एकच गोष्ट घडते का, की आपल्या भाषेने दोन निराळ्या गोष्टींना एका क्रियापदात बांधले आहे? शाळेत आम्हाला एवढेच शिकवले होते की हरितद्रव्य नाहीसे होते आणि आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मग लाल कुठून येतो? आणि फाल्गुनात कोशिंबीच्या झाडाला येणारी पालवी आधीच लालभडक असते आणि नंतर हिरवी होते, तिथे हा सगळा खेळ उलटा चालतो असे समजायचे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

प्रश्न उत्तम आहे. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

पानातला हिरवा रंग पेशीभर पसरलेला नसतो. तो हरितलवक नावाच्या, साधारण पाच मायक्रोमीटर लांबीच्या, मसुराच्या दाण्याच्या आकाराच्या पुटिकांमध्ये असतो, आणि पानाच्या आतल्या एकेका पेशीत अशी हरितलवके डझनांनी, कधी शंभराहूनही अधिक असतात. प्रत्येकाच्या आत चपट्या पटलांच्या चळती असतात. भाकऱ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. या चळतींना ग्राना म्हणतात आणि हरितद्रव्य त्या पटलांमध्येच रोवलेले असते. कॅरोटिनॉइड ही पिवळी रंगद्रव्येही तिथेच शेजारी असतात.

पान पिकू लागले की या चवडी सुटू लागतात. पटले विरळ होतात, हरितलवक आक्रसते, आणि पटलांमधून सुटलेला स्निग्ध अंश बारीक थेंबांच्या रूपाने आत साठत जातो. प्लास्टोग्लोब्यूल नावाचे हे थेंब संख्येने आणि आकाराने वाढत राहतात व त्यांत पिवळी रंगद्रव्ये उरतात. बाहेरचे दुहेरी आवरण मात्र बराच काळ शाबूत राहते. या अवस्थेतल्या लवकाला जेरोंटोप्लास्ट असे नाव आहे. ग्रीक भाषेत 'जेरोन' म्हणजे वृद्ध, म्हणून आपण त्याला जरालवक म्हणू.

टोमॅटोत होते ते वेगळे. तिथेही ग्राना मोडतात, पण हरितलवकाचे वर्णलवकात, म्हणजे रंगद्रव्ये साठवणाऱ्या पुटिकेत, रूपांतर होते आणि ते वर्णलवक लायकोपीन हे लाल रंगद्रव्य नव्याने आणि भरपूर तयार करते. जरालवक नवे कॅरोटिनॉइड जवळजवळ बनवत नाही. जे आधीचे आहे तेच शिल्लक राहते. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की फळ पिकते आणि पान पिकते या दोन स्वतंत्र घटना आहेत आणि मराठीने त्यांची गल्लत केली आहे.

ठोकताळे

म्हणजे टोमॅटोने नवा संसार थाटला आणि पानाने वानप्रस्थाश्रम स्वीकारला, असे आम्ही सामान्य माणसांनी समजावे.

सूक्ष्मदर्शी

@ठोकताळे, उपमा चांगली आहे, परंतु वानप्रस्थात माणूस घर मुलांच्या हवाली करून जातो, तो भाग विसरू नये. पानातल्या नत्राचा सुमारे पाऊण हिस्सा हरितलवकांत असतो. त्यातही रुबिस्को हे एकटे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) गहू-तांदळासारख्या वनस्पतींच्या पानांतल्या विद्राव्य प्रथिनांपैकी जवळपास निम्मे असते. झाड पान टाकण्यापूर्वी ही प्रथिने मोडून त्यांतला नत्र रसवाहिन्यांतून फांदीत, सालीत आणि मुळांत नेऊन ठेवते. हरितलवक मोडणे ही पडझड नव्हे, ते पद्धतशीर आवराआवर करणे आहे.

वहीचे_शेवटचे_पान

थोडक्यात, झाड हरितद्रव्य परत ओढून घेते आणि म्हणून पान पिवळे पडते. आमच्या मुलांच्या पुस्तकात हेच वाक्य आहे.

सूक्ष्मदर्शी

क्षमस्व, पण ते वाक्य चूक आहे, आणि चूक मनोरंजक आहे म्हणून सविस्तर लिहितो. झाड हरितद्रव्य परत घेत नाही. हरितद्रव्याच्या रेणूत नत्राचे फक्त चार अणू असतात आणि पानाच्या एकूण नत्रात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. तो रेणू मोडून त्याचे रंगहीन अवशेष पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाणी भरलेल्या पिशवीत, टाकले जातात आणि पानाबरोबरच मातीला मिळतात. त्यातले चार नत्राचे अणूही तिथेच राहतात.

मग तो मोडायचा कशासाठी? कारण तो प्रथिनांत गुंतलेला असतो आणि त्याला सोडवल्याशिवाय ती प्रथिने हाती लागत नाहीत. शिवाय मोकळा सुटलेला हरितद्रव्याचा रेणू ऊन शोषत राहतो आणि त्या ऊर्जेने पेशीचीच हानी करतो. म्हणून आधी त्यातले मॅग्नेशियम काढले जाते, मग त्याचे कडे फोडले जाते आणि ते निरुपद्रवी झाले की रिक्तिकेत जाते. हे अवशेष रंगहीन असल्यामुळे शास्त्रज्ञांना फार काळ सापडतच नव्हते. दरवर्षी पृथ्वीवर कोट्यवधी टन हरितद्रव्य नाहीसे होते आणि त्याचे पुढे काय होते हे ठाऊक नाही, अशी स्थिती होती. १९९१ मध्ये क्रॉयट्लर, माटिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीच्या पानांतून अशा एका अवशेषाची रचना पहिल्यांदा उलगडली.

मेपलखाली

मी गेली काही वर्षे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात राहते. सप्टेंबर संपताना आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात येथे शुगर मेपलची जंगले पेटल्यासारखी दिसतात आणि ती पाहण्यासाठी लांबून लोक येतात. सूक्ष्मदर्शी सरांनी पिवळ्याचा उलगडा केला, पण आडवाटताईंचा लालचा प्रश्न तसाच राहिला आहे. आमच्या घरासमोरच्या मेपलचा उन्हाकडचा भाग लाल होतो आणि सावलीतल्या आतल्या फांद्या पिवळ्या राहतात. लालसुद्धा आधीपासून लपलेला असता, तर असा भेद पडला नसता, असे मला वाटते.

रसायनवाला

मेपलखाली यांचे निरीक्षण नेमके आहे. लाल रंग अँथोसायनिनचा असतो, ते लवकांत नसतेच. ते पेशीच्या रिक्तिकेतल्या पाण्यात विरघळलेले असते आणि मेपलमध्ये ते बहुतांशी शरद ऋतूतच नव्याने तयार होते. त्याला साखर लागते. दिवसा स्वच्छ ऊन असले की पानात साखर तयार होत राहते, रात्री गारठा असला की ती पानाबाहेर हळू जाते, आणि देठाशी पान सुटण्याचा थर तयार होऊ लागला की वाट आणखी अरुंद होते. या साठलेल्या साखरेवर लाल रंग चढतो. म्हणून ढगाळ, उबदार शरदात रंग फिके येतात. बर्चचे आणि गिंकोचे पान मात्र हे लाल बनवण्याच्या फंदात पडत नाही, ते पिवळेच राहून गळते.

हे घरी तपासता येते. लाल झालेले बदामाचे पान चुरून गरम पाण्यात ठेवावे. लाल रंग पाण्यात उतरतो, कारण अँथोसायनिन पाण्यात विरघळते. त्या पाण्यात लिंबू पिळले की लाल उजळतो आणि खाण्याचा सोडा टाकला की तो निळसर-हिरवट होतो. पिवळे कॅरोटिनॉइड पाण्यात उतरत नाहीत, त्यांना स्पिरिट लागते. हिरवे पान स्पिरिटमध्ये खलून त्यात टीपकागदाची पट्टी टांगली, तर हिरवा आणि पिवळा पट्टा वेगवेगळ्या उंचीवर चढलेला दिसतो. स्पिरिट ज्वालेपासून लांब ठेवावे, हे सांगणे न लगे. रंगद्रव्ये अशी वेगळी करण्याची रीत मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने बसवली आणि १९०६ मध्ये तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. त्याने खडूची भुकटी भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क खाली सोडला होता. रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच रंग असा आहे.

ठोकताळे

नावाप्रमाणे काम करणारा माणूस निदान रशियात तरी सापडला.

चिकित्सक

मला एक गोष्ट पटत नाही. जे पान आठवड्याभरात टाकायचे आहे, त्यात झाड साखर खर्चून नवे रंगद्रव्य का बनवेल? घर सोडून जाताना भिंतींना नवा रंग कोणी देत नाही. मला तर हा केवळ शिल्लक साखरेचा अपघात वाटतो आणि त्यामागे हेतू शोधणे ही आपली हौस आहे.

रसायनवाला

@चिकित्सक, या प्रश्नावर शास्त्रज्ञांतही दोन तट आहेत. एका मताप्रमाणे लाल रंग हा पडदा आहे. आवराआवर चालू असताना ग्राना विस्कटलेले असतात, हरितद्रव्य अर्धवट मोडलेले असते आणि अशा वेळी थंडीत प्रखर ऊन पडले तर पेशी लवकर मरेल व नत्र आतच अडकेल. अँथोसायनिन ऊन अडवून पेशीला थोडे अधिक दिवस जगू देते. मेपलचा उन्हाकडचा भागच लाल होणे या मताशी जुळते.

दुसरे मत विल्यम हॅमिल्टन आणि सॅम ब्राउन यांनी २००१ मध्ये मांडले. शरदात मावा ही रस शोषणारी कीड झाडांवर अंडी घालण्यासाठी येते आणि गडद रंग ही तिला दिलेली सूचना असते की हे झाड सशक्त आहे, येथे तुझी डाळ शिजणार नाही. मला व्यक्तिशः पहिले मत अधिक भक्कम वाटते, परंतु दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

चिकित्सक

पडद्याचा मुद्दा मान्य करतो. माव्याचा मान्य करण्यासाठी मला आधी मावा व्हावे लागेल.

केळीवाला_खान्देश

मी रावेर तालुक्यातला आहे. घरची केळी आहे आणि चुलतभावाची केळी पिकवण्याची शीतखोली आहे. सूक्ष्मदर्शी सरांनी फळ आणि पान यांच्यात भिंत उभी केली, ती टोमॅटोपुरती बरोबर असेल, पण केळ्याला ती लागू पडत नाही असे मला वाटते.

आमच्याकडे कच्ची केळी पिकवण्याच्या खोलीत इथिलीन देऊन सोळा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवली की साल एकसारखी पिवळी होते. तीच केळी वैशाखाच्या उन्हाळ्यात बाहेर पिकू दिली, तर आतला गर मऊ आणि गोड होतो पण साल हिरवट राहते, आणि गिऱ्हाईक ती कच्ची समजून घेत नाही. पूर्वी आम्हाला हे गूढ वाटायचे. नंतर एका प्रशिक्षणात कळले की या जातीच्या सालीतले हरितद्रव्य जास्त उष्णतेत नीट मोडत नाही. पिवळा रंग तिथे आधीपासूनच असतो. साल नवा रंग बनवत नाही, फक्त हिरवा काढून टाकते. मग हे पानासारखेच झाले की नाही? केळे फळ असूनही पानासारखे पिकते.

सूक्ष्मदर्शी

केळीवालेसाहेब, आपण मला पकडलेत. मी टोमॅटोवरून सगळ्या फळांचा नियम केला, तो घाईचा होता. केळ्याच्या सालीत मुख्यतः हरितद्रव्याचा ऱ्हास होतो आणि मूळचे कॅरोटिनॉइड उघडे पडतात, हे बरोबर आहे. म्हणजे फळ आणि पान अशी विभागणी न करता, नवे रंगद्रव्य बनते की जुने उरते, अशी विभागणी करावी लागेल. आडवाटताईंची मराठी माझ्या पहिल्या प्रतिसादापेक्षा अधिक सावध निघाली.

मंगळवेढ्याचा_कडबा

आमच्याकडे याच्या उलट हवे असते. रब्बीची ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते, दाणे भरताना ओल संपत येते आणि पाने खालून वर वाळत जातात. ज्या ताटांची पाने तेव्हाही हिरवी राहतात, त्यांचे दाणे चांगले भरतात, ताट लोळत नाही आणि कडबाही सकस निघतो. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेत या हिरवे राहण्याच्या गुणावर बरेच काम झाले आहे. मालदांडीची भाकरी खाणाऱ्यांना पान कधी पिकावे याची चिंता झाडापेक्षा अधिक असते.

रसायनवाला

@मंगळवेढ्याचा_कडबा, या हिरवेपणाचेही दोन प्रकार आहेत. ज्वारीत जो गुण हवा असतो त्यात ग्राना शाबूत राहतात आणि पान खरोखर अन्न तयार करत राहते. दुसऱ्या प्रकारात प्रकाशसंश्लेषण वेळेवर थांबते, प्रथिनेही बरीचशी मोडतात, पण हरितद्रव्य मोडणारी एक पायरी बिघडलेली असल्यामुळे पान नुसते दिसायला हिरवे राहते.

ठोकताळे

केसांचा मुद्दा आडवाटताईंनी बाजूला ठेवला होता, तो आता आपसूक परत आला. दुसऱ्या प्रकाराला आमच्याकडे कलप म्हणतात.

सूक्ष्मदर्शी

@ठोकताळे, या कलपाचा एक प्रसिद्ध इतिहास आहे. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याच्या सात गुणांपैकी एक गुण दाण्याच्या डाळिंब्यांचा पिवळा किंवा हिरवा रंग हा होता. पिवळा प्रभावी आणि हिरवा अप्रभावी, हे आपण सगळेच घोकून पाठ केलेले आहे. २००७ मध्ये तो जनुक ओळखला गेला, तेव्हा कळले की हिरवा दाणा म्हणजे ज्याला हरितद्रव्य मोडता येत नाही तो दाणा. या जनुकातून बनणारे प्रथिन हरितद्रव्यातले मॅग्नेशियम काढण्याचे काम करते, हे पुढे २०१६ मध्ये स्पष्ट झाले. मेंडेल आपल्या मठाच्या बागेत पिकण्याचाच अभ्यास करत होता, फक्त त्याच्या काळी लवकांत काय चालले आहे ते पाहण्याचे साधन नव्हते.

देवरुखची_माई

कोशिंबीबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून मी लिहिते. आमच्या परसाच्या वरच्या बाजूला दोन कोशिंबी आहेत. फाल्गुनात त्यांना पालवी येते तेव्हा लांबून पाहणाऱ्याला फुले आल्यासारखेच वाटते. आंब्याची पालवी तांबूस-जांभळी, पिंपळाची गुलाबी-तांबूस, सीता-अशोकाची तर फडकी वाळत घातल्यासारखी लोंबणारी तपकिरी-गुलाबी असते. सागाची कोवळी पाने आम्ही लहानपणी तळहातावर चोळत असू, की मेंदी लावल्यासारखा हात लाल व्हायचा आणि घरी ओरडा बसायचा. ही सगळी पाने कोवळी असताना लाल आणि जून झाल्यावर हिरवी. मला तर हे पिकण्याच्या उलटे वाटत नाही, कारण त्या लाल पानात मोडायला काही नसतेच. ते अजून घडायचे असते.

सूक्ष्मदर्शी

माई, आपण अगदी मर्मावर बोट ठेवलेत. कोवळ्या पानातली लवके पूर्ण विकसित नसतात. सुरुवातीला ती साधी, आत फारशी पटले नसलेली असतात, त्यांची विभागणी होत जाते, ग्राना हळूहळू रचले जातात आणि मग हिरवेपणा येतो. दरम्यान रिक्तिकेतले अँथोसायनिन पानाला लाल दाखवते. उष्ण प्रदेशांतल्या अनेक झाडांमध्ये हे हिरवे होणे मुद्दाम लांबवलेले असते. पनामाच्या जंगलात फिलिस कोली आणि थॉमस कर्सार यांनी याचा अभ्यास केला. कोवळे पान मऊ असते आणि कीटक त्याचा फडशा पाडतात. तेव्हा पान टणक होईपर्यंत त्यात महागडा नत्र आणि हरितद्रव्य भरायचेच नाही, म्हणजे खाल्ले गेले तरी नुकसान कमी, असे त्यामागचे गणित असावे असे त्यांनी मांडले. दागिने तिजोरीचे दार बसल्यावर आत ठेवावेत, तसे.

म्हणजे बदामाचा माघातला लाल आणि कोशिंबीचा फाल्गुनातला लाल या दोन्हींत अँथोसायनिन सारखेच, पण शेजारच्या लवकांची अवस्था अगदी विरुद्ध. एकीकडे चवडी सुटत असतात आणि दुसरीकडे रचल्या जात असतात.

नवी_पालवी

प्रश्न बाळबोध असेल, पण घटातले धान पिवळे असते ते कशात मोडते? आमच्याकडे घटस्थापनेला काळ्या मातीत गहू-जवस पेरतो, देवघराच्या कोपऱ्यात नऊ दिवसांत ते वीतभर वाढते आणि दसऱ्याला दादा ते टोपीत खोवतात. ते पिकलेले असते असे कोणी म्हणणार नाही.

सूक्ष्मदर्शी

प्रश्न मुळीच बाळबोध नाही. अंधारात उगवलेल्या रोपातली लवके वेगळ्याच वळणावर थांबलेली असतात. त्यांना इटिओप्लास्ट म्हणतात. त्यांच्या आत ग्राना नसतात, तर नळ्यांची अतिशय रेखीव जाळी असते, स्फटिकासारखी. गहू, ज्वारी यांसारख्या सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्याची एक पायरी उजेडाशिवाय पूर्णच होत नाही. म्हणून देवघराच्या कोपऱ्यात ते पिवळे राहते. तोच घट उन्हात ठेवला, तर काही तासांतच जाळी मोडून पटले तयार होऊ लागतात आणि धान हिरवे होते. पाइनसारख्या सूचिपर्णींची रोपे मात्र अंधारातही हिरवी होऊ शकतात.

तेव्हा पिवळ्याचेही दोन अर्थ झाले. एक म्हातारपणाचा पिवळा आणि एक न उजाडलेला पिवळा.

ओसाकाकर

मी जपानात राहतो. येथे सुगी नावाचा सूचिपर्णी वृक्ष सर्वत्र लावलेला आहे. तो सदाहरित आहे, पण हिवाळ्यात त्याचा उन्हाकडचा पाला विटकरी-तपकिरी होतो आणि वसंतात तोच पाला, तेच पान, पुन्हा हिरवे होते. सुरुवातीला मला झाडे रोगट वाटली होती. येथील सहकाऱ्याने समजावले की हा रंग रोडोझँथिन या कॅरोटिनॉइडचा आहे, आणि तो रिक्तिकेत नसून लवकांतच साठतो. या धाग्यातल्या भाषेत विचारायचे तर, हे पान पिकते आणि मग पुन्हा कच्चे होते असे म्हणावे का?

रसायनवाला

@ओसाकाकर, सुगीची लवके थंडीत वर्णलवकासारखी होतात आणि वसंतात पुन्हा हरितलवके होतात, त्यामुळे आपला शब्द फारसा चुकीचा नाही. फळांतही याचे उदाहरण आहे. व्हॅलेन्सिया संत्री पिकल्यावर झाडावरच राहिली, तर वसंतातल्या उबेत त्यांची साल पुन्हा हिरवट होते. गिऱ्हाईकाची समजूत काढताना बागाइतदारांची पुरेवाट होते.

रंग न बदलणाऱ्या सूचिपर्णींतही आत बदल होतोच. उत्तर युरोपातल्या स्प्रूसच्या सुईसारख्या पानांत वसंतात हरितलवके पिठूळ कणांनी फुगलेली असतात. हिवाळ्यात ते पिष्ट नाहीसे होते, ग्रानांच्या चळती कमी होतात आणि एरवी पेशीच्या भिंतीलगत पांगलेली हरितलवके एका जागी गोळा होतात.

ठोकताळे

थंडीत सगळ्यांनी शेकोटीभोवती बसावे, यात आश्चर्य ते काय?

चिकित्सक

हे सगळे वाचून मी स्वतः पाहायचे ठरवले. मुलाचे सूक्ष्मदर्शक यंत्र होते. आवारातल्या एका पूर्ण पिवळ्या पडलेल्या पानाची खालची पातळ साल सोलून पाण्याच्या थेंबात ठेवली आणि पाहिली. बाकी सगळीकडे फिकट पिवळा गाळ दिसत होता, पण पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या वाटाण्याच्या शेंगेसारख्या पेशींत हिरवे ठिपके स्पष्ट होते. मी तीन वेगवेगळ्या पानांवर पाहिले आणि तिन्हींत तसेच दिसले. हा माझा दृष्टिभ्रम आहे का?

सूक्ष्मदर्शी

मुळीच नाही, आणि आपण काय पाहिले आहे याची आपल्याला कल्पना नसावी. त्या रक्षक पेशी आहेत. गळणाऱ्या पानांतही रक्षक पेशींमधली हरितलवके सर्वांत शेवटपर्यंत टिकतात, हे १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. बाकीचे घर आवरून झाले तरी दारवान जागेवरच असतो. पाणी किती बाहेर जाऊ द्यायचे हे त्याच ठरवत असल्यामुळे त्यांना इतक्या लवकर निवृत्त होणे परवडत नसावे. शिरांलगतच्या पेशीही उशिरापर्यंत हिरव्या राहतात, कारण माल बाहेर नेण्याची वाट तीच असते. पिवळ्या पानावर हिरव्या शिरा दिसतात त्या त्यामुळे.

मेपलखाली

चिकित्सक यांनी मावा न होताही संशोधन केले, याची नोंद घ्यावी.

केळीवाला_खान्देश

विषय मूळ प्रश्नाकडे नेतो. प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट ऐकली होती, ती सांगायची राहिली. पिकलेल्या केळ्याची साल अतिनील दिव्याखाली निळी चमकते. सरांनी वर सांगितलेले हरितद्रव्याचे अवशेष बहुतेक पानांत लगेच रंगहीन होतात, पण केळ्यात त्यांचा एक निळा चमकणारा प्रकार टिकून राहतो, असे २००८ मध्ये क्रॉयट्लर यांच्याच गटाने दाखवले. कच्च्या केळ्यात ही चमक नसते. आणि मला महत्त्वाचे वाटते ते हे की, पुढे केळीच्या पिवळ्या पडलेल्या पानांतही अशाच निळ्या अवशेषांचा साठा सापडला.

आडवाट (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. केळीवालेदादा, आपला प्रतिसाद वाचून मी आणि नातू काल संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. तिथे नोटा तपासण्याचा जांभळ्या ट्यूबचा दिवा आहे. दुकानदारांना दोन वेळा समजावून सांगावे लागले, पण त्यांनी दिवे मालवून दिले. नातवाला दिव्याकडे थेट पाहू दिले नाही.

कच्चे केळे काळपट दिसले. पिकलेले निळसर दिसले, पण तो दिव्याचाच उजेड असावा अशी शंका आली, म्हणून शेजारी पिवळा कागद ठेवला. कागद तसा दिसला नाही. मग दुकानातलेच एक अधिक पिकून ठिपके पडलेले केळे पाहिले, तेव्हा प्रत्येक तपकिरी ठिपक्याभोवती निळ्या प्रकाशाची बारीक कडी होती. नातवाने त्या मोजायला सुरुवात केली. शेवटी आम्ही बरोबर नेलेला, मागच्या बंगल्यातल्या केळीच्या पिवळ्या पानाचा तुकडा ठेवला. तोही निळा दिसला, केळ्यापेक्षा फिका, पण निळाच. आवारातले बदामाचे लाल पान ठेवले, ते काळेच राहिले.

तेव्हा केळीपुरते तरी फळ आणि पान एकाच तऱ्हेने पिकतात, असे मी नातवाला सांगितले आहे. बदामाचे काय, ते त्याने पुन्हा विचारले.

सूक्ष्मदर्शी

आडवाटताई, त्या ठिपक्यांभोवतीच्या कड्यांवरही स्वतंत्र शोधनिबंध आहे. त्या जागच्या पेशी मरणाच्या वाटेवर असतात आणि तिथे हे अवशेष अधिक साठतात. बदामाबद्दल नातवाला सांगावे की त्या पानात दोन कामे एकाच वेळी चालू होती. लवके आवरली जात होती आणि रिक्तिकेत लाल रंग भरला जात होता. पहिल्या कामाला पिकणे म्हणावे की नाही यावर या धाग्यात चर्चा झाली, दुसऱ्यासाठी मराठीत शब्द मला अजून सुचलेला नाही.

देवरुखची_माई

आमच्याकडे त्याला पान रंगणे म्हणतात. विड्याचेही रंगते आणि झाडाचेही.

ठोकताळे

दुकानदारांनी बदामाचे पान खोटे ठरवून जप्त केले नाही ना?